तीनशे पाचचे आठशे होत नाहीत

पानावर एवढंच असतं: ३क्ष + ५. वर सूचना, ‘सरळ रूप द्या’. लेकरू बराच वेळ त्याकडे बघतं, पेन्सिल दाताखाली धरतं आणि चुलीपाशी बसलेल्या आईला विचारतं, ‘‘मंग उत्तर किती वं आई?’’ आजवरच्या प्रत्येक गणितात ओळीच्या शेवटी एक सुटी संख्या आलेली असते. इथे मधलं अधिकचं चिन्ह तसंच उघडं राहिलेलं, अर्ध्यावर सोडलेल्या निंदणासारखं. ते त्याला खुपतं. शेवटी ते हळूच लिहितं: ८क्ष.

घरी बीजगणित शिकवताना पहिली गाठ इथेच पडते, आणि ती सुटल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं. ८क्ष लिहिणारं मूल आळशी नसतं, ढ तर मुळीच नसतं. बेरीज म्हणजे दोन संख्यांची एक संख्या करणं, हे आपणच त्याला इतकी वर्षं शिकवलेलं असतं. आता ‘इथे थांब’ म्हणायचं असेल तर का थांबायचं तेही सांगायला हवं. ‘‘काहून?’’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

त्याचं उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. ‘तीनशे पाच’ म्हणा. तीनशे आणि पाच मिळून आठशे कुणी करत नाही. तीनशे आणि दोनशे मात्र लगेच पाचशे होतात. ‘शे’ला ‘शे’ जुळतं, सुट्याला सुटे. ३क्ष + २क्ष = ५क्ष यात याहून वेगळं काही नाही. ‘शे’ म्हणजे किती हे ठाऊक असतं, क्ष म्हणजे किती हे अजून कळायचं असतं, एवढाच फरक. तीनशे पाच म्हटल्यावर पुढे काही करायचं उरलंय असं कुणाला वाटत नाही. ३क्ष + ५ चंही तसंच.

असाच आणखी एक आधार भाषेत आहे. ५क्ष − क्ष विचारलं की पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलं ‘५’ असं उत्तर देतात; क्ष मधून क्ष गेला, पाच उरले. त्यांना म्हणावं, पाच रुपयांतून रुपया गेला तर किती? ‘चार रुपये’ हे उत्तर विचार न करता येतं. ‘रुपया’ म्हणताना आपण ‘एक’ उच्चारत नाही, पण तो तिथे असतो. क्षच्या आधीही तो न लिहिलेला १ असतो. सुरुवातीचे चार-पाच दिवस तो वहीत लिहायलाच लावावा: ५क्ष − १क्ष = ४क्ष. सवय झाली की मूल आपणहून सोडून देतं.

आता अक्षराबद्दल. ‘क म्हणजे केळी, आ म्हणजे आंबे, ३क आणि २आ एकत्र करता येत नाहीत’ असं समजावणं फार सोपं वाटतं, आणि पुढे फार महाग पडतं. कारण मग क × आ म्हणजे काय? केळी गुणिले आंबे? आणि क² म्हणजे केळीचा वर्ग? अक्षर वस्तूच्या जागी नसतं, संख्येच्या जागी असतं. सोयाबीनचे तीन सारखे भरलेले कट्टे आणि वर पाच किलो सुटा माल असेल, तर ३क्ष + ५ मधला क्ष म्हणजे कट्टा नव्हे. एका कट्ट्यात किती किलो माल आहे, ती संख्या म्हणजे क्ष. हे वाक्य मुलाकडून रोज एकदा वदवून घ्यावं: ‘‘क्ष म्हणजे एका कट्ट्यातले किलो.’’ म्हणूनच अक्षर निवडताना वस्तूच्या नावाचं आद्याक्षर टाळलेलं बरं. इथे मी क्ष आणि य वापरतोय. बालभारतीच्या पुस्तकात रोमन अक्षरं असतात, तेव्हा वहीत तीच लिहावीत. मात्र रोमन ‘एक्स’ गुणाकाराच्या फुलीसारखा दिसतो. तो वळणदार काढायला शिकवलं नाही तर आठवड्याभरात मूल स्वतःचंच लिखाण चुकीचं वाचू लागतं. अंकांचंही तेच. देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा उतरतो, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. एका वहीत एकाच लिपीचे अंक ठेवावेत.

दोन अक्षरं आली की बाजारातला भाव कामाला येतो. कापसाचा क्विंटलचा भाव क्ष रुपये, तुरीचा य रुपये. ८ क्विंटल कापूस आणि ३ क्विंटल तूर विकली तर ८क्ष + ३य रुपये. दोन्ही रुपयेच, तरी ११ काहीच होत नाही, कारण दोन भाव वेगळे आहेत. बाजार समितीत भाव फुटेपर्यंत हिशेब इथवरच येऊन थांबतो. पुढच्या आठवड्यात त्याच भावाने आणखी २ क्विंटल कापूस गेला तर १०क्ष + ३य. हे मुलाला पटवावं लागत नाही, त्याने घरात हे बोलणं ऐकलेलं असतं.

भास्कराचार्यांनी हेच सांगितलं आहे. इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीतल्या बीजगणितात पहिल्या अज्ञात संख्येला त्यांनी ‘यावत्तावत्’ म्हटलं, म्हणजे जेवढं असेल तेवढं. पुढच्या अज्ञातांना रंगांची नावं दिली, कालक, नीलक, पीतक. लिहिताना पहिलं अक्षर घ्यायचं: या, का, नी, पी. ज्ञात संख्येला ‘रूप’, म्हणून रू. आपलं ३क्ष + ५ त्या पद्धतीत ‘या ३ रू ५’ असं होतं. आणि नियम असा की समान जातीच्यांची बेरीज-वजाबाकी करायची, वेगळ्या जातीच्या वेगळ्या मांडून ठेवायच्या. सरूप, म्हणजे एकाच जातीच्या, पदांचा आजचा नियम शब्दाशब्दाने तोच आहे. ‘जेवढं असेल तेवढं’ हे नाव मला क्षपेक्षाही आवडतं. मुलालाही ते सांगावं, कारण अक्षराची भीती त्या नावाने निम्मी होते.

पण हे सगळं सुरू करण्याआधी पाच प्रश्नांची एक चिठ्ठी मुलापुढे ठेवावी:

−३ − ५
−३ + ८
४ − (−६)
(−२) × (−७)
७ − २ × ३

उत्तरं −८, ५, १०, १४ आणि १. यातली दोन चुकली तर बीजगणित आठ दिवस बाजूला ठेवावं. सरळ रूप देताना होणाऱ्या चुका बघत गेलं की कळतं, बऱ्याचशा चुकांत अक्षराचा काही दोष नसतो, उणे चिन्हाचा असतो. शेवटच्या प्रश्नाला १५ उत्तर आलं तर क्रियांचा क्रम कच्चा आहे. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ असूनही तो कच्चा असू शकतो, कारण त्या शब्दातच एक खड्डा आहे. बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर असं मूल शब्दशः घेतं आणि १० − ४ + ३ चं उत्तर ३ काढतं. बेरीज-वजाबाकी एका पायरीवरची. डावीकडून जे आधी येईल ते आधी. उत्तर ९. भागाकार-गुणाकाराचंही तसंच.

उणे चिन्हासाठी चिंचोक्यांसारखं साधन नाही. विदर्भातल्या गावात चिंच नाही असं सहसा होत नाही. तीस चांगले मोठे चिंचोके घ्यावेत, खरबरीत दगडावर थोडं पाणी टाकून प्रत्येकाची एक बाजू घासावी. तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग दिसू लागला की थांबावं. भाजून फोडायच्या फंदात पडू नये, साल सगळीकडून सुटतं आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. आता पांढरी बाजू वर म्हणजे +१, तपकिरी वर म्हणजे −१. एक पांढरा आणि एक तपकिरी जवळ आले की शून्य, जोडी उचलून बाजूला.

४ − (−६) इथे मांडून दाखवावं. सारवलेल्या जमिनीवर चार पांढरे ठेवले. त्यातून सहा तपकिरी काढायचे आहेत, पण तपकिरी एकही नाही. मग सहा जोड्या आणून ठेवायच्या, प्रत्येकीत एक पांढरा, एक तपकिरी. जोडी शून्य असल्याने मूळ चारात काही फरक पडलेला नाही. आता सहा तपकिरी उचला. खाली दहा पांढरे उरतात. ‘उण्यातून उणे अधिक’ हे घोकलेलं वाक्य आणि हे दृश्य यांत फार अंतर आहे. घोकलेलं वाक्य मूल −३ − ५ ला सुद्धा लावतं आणि ८ लिहून मोकळं होतं. तीन तपकिऱ्यांत आणखी पाच तपकिरी ठेवून पाहिले की असं होत नाही.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, त्यांचा उपयोग करावा. संख्येच्या अंगचं चिन्ह ‘उणे’, क्रियेचं चिन्ह ‘वजा’. ‘चार वजा उणे सहा’ असं म्हटलं की दोन चिन्हांची दोन कामं कानाला वेगळी ऐकू येतात. ऋण हा शब्दही मूळचा कर्जाचाच. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले, ते याच शब्दांत. कर्ज कमी होणं म्हणजे हातात भर पडणं, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं समजवावं लागत नाही.

चिन्हं पक्की झाली की पदं, म्हणजे अधिक-उणे चिन्हांनी वेगळे झालेले तुकडे, ओळखणं. नियम एकच: पदाच्या डावीकडचं चिन्ह त्याच पदाचं. ५क्ष − ३ − ८क्ष + य + १० अशी राशी, म्हणजे पदांची मांडणी, असेल तर मुलाने क्षच्या पदांभोवती गोल काढावा, सुट्या संख्यांभोवती चौकोन, यभोवती त्रिकोण, आणि प्रत्येक आकार चिन्हासकट काढावा. चिन्ह आकाराच्या बाहेर राहिलं की चूक ठरलेलीच. गोलात +५क्ष आणि −८क्ष, म्हणजे −३क्ष. चौकोनांत −३ आणि +१०, म्हणजे +७. त्रिकोण एकटा. झालं −३क्ष + य + ७. पदं जागेवरून हलवताना चिन्ह मागे सोडून येणं ही इथली नेहमीची चूक. ‘−८क्ष’ला बैलासकट बंडी समजावं, नुसती बंडी ओढत आणू नये.

आता ते, ज्यासाठी हा सगळा लेख लिहितोय. घरी शिकणाऱ्या मुलाजवळ दर वेळी तपासून द्यायला मास्तर नसतो. आई आठवीपर्यंत शिकलेली, बाबा वावरात. पुस्तकामागची उत्तरसूची हाच काय तो आधार. पण सरळ रूप देण्याच्या गणिताला स्वतःचा पडताळा असतो, आणि तो मुलाच्या हातात देता येतो. सरळ रूप देताना राशीचं रूप बदलतं, किंमत बदलत नाही. म्हणजे क्षला कोणतीही संख्या दिली तरी आधीची आणि नंतरची राशी एकच किंमत देणार. क्ष = ३ आणि य = ५ घ्या. मूळ राशी: १५ − ३ − २४ + ५ + १० = ३. सरळ रूप: −९ + ५ + ७ = ३. जुळलं. ‘तुझं चुकलं’ हे वाक्य घरातून जाऊ शकतं. त्याच्या जागी, ‘‘क्षले तीन ठेवून पाय बरं.’’ ज्या आईने बीजगणित कधी केलेलं नाही, तीही एवढं म्हणू शकते, आणि न जुळलेल्या किमतीवरून मूल स्वतःच्या चुकीपर्यंत स्वतः पोचतं.

कोणती संख्या ठेवायची यात मात्र कसब आहे. शून्य ठेवू नये, क्षची सगळी पदं नाहीशी होतात आणि त्यांतलं काहीच तपासलं जात नाही. १ ठेवू नये: क्ष आणि क्ष² दोन्हींची किंमत १, त्यामुळे ३क्ष² + २क्ष = ५क्ष² ही ढळढळीत चूकही जुळून जाते. आणि ३क्ष + ५ = ८क्ष? तेही १ ठेवलं की जुळतं, दोन्हीकडे ८! २ सुद्धा फसवा, कारण २ + २ आणि २ × २ एकच. क्ष + क्षच्या जागी क्ष² लिहिलेलं त्याला कळत नाही. ३ पासून पुढच्या संख्या घ्याव्यात, दोन अक्षरं असतील तर दोन वेगळ्या किमती घ्याव्यात. तरीही एका संख्येवर विसंबू नये. २क्ष + ३ आणि ३क्ष या वेगळ्या राशी आहेत, पण क्ष = ३ ठेवलं की दोन्हींची किंमत ९. म्हणून पडताळा दोन संख्यांनी. इथे एक सुंदर गोष्ट आहे, थोड्या मोठ्या मुलाला जरूर सांगावी: एकाच अक्षराच्या, घात नसलेल्या दोन राशी दोन वेगळ्या संख्यांना जुळल्या तर त्या सगळ्याच संख्यांना जुळतात. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, तसं. क्ष² असेल तर तीन संख्या लागतात. इतक्या तपासण्या जुळल्या तर पडताळ्याचीच सिद्धता होते.

कंसाकडे वळू. बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, हिशेब हा कंसाचा उत्तम धडा आहे. काट्यावर एका कट्ट्याचं वजन क्ष किलो भरलं, बारदान्याचं सोयीसाठी एक किलो धरलं, तर आतला माल (क्ष − १) किलो. असे १२ कट्टे: १२(क्ष − १). कंस सोडवताना १२क्ष − १ लिहिणारी मुलं बरीच. त्यांना विचारावं, बारा कट्ट्यांचा बारदाना किती, एकाचाच का वजा केला? १२क्ष − १२. वजन ५१ किलो धरून पाहा: १२ × ५० = ६००, आणि ६१२ − १२ = ६००. चुकीच्या रूपात ६११ येतात. ते अकरा किलो अकरा कट्ट्यांच्या बारदान्याचे.

कंसाआधी वजा असेल तर अवघड जातं, तिथे थोडं रेंगाळावं. हातात ५०० रुपये आहेत. किराणा क्ष रुपयांचा झाला, दुकानदाराने २० रुपये सोडले. उरले किती? ५०० − (क्ष − २०). मूल बहुधा ५०० − क्ष − २० लिहितं आणि ४८० − क्ष वर येतं. बिल ३०० धरू. सूट धरून दिले २८०, हातात उरले २२०. मुलाच्या रूपात उरतात १८०. म्हणजे दुकानदाराने वीस रुपये सोडले आणि आपण चाळीस रुपयांनी गरीब झालो! बरोबर रूप ५०० − क्ष + २०, म्हणजे ५२० − क्ष. सोडलेले वीस रुपये आपल्याकडे परत येतात, म्हणून अधिक. कंसातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह का बदलतं हे एकदा या वीस रुपयांत दिसलं की मग यांत्रिकपणे केलं तरी चालेल.

जे हाताने करून पाहिल्याशिवाय समाधान मानत नाही, अशा मुलासाठी जुन्या लग्नपत्रिका बाहेर काढाव्यात. जाड पुठ्ठ्याची २ सेंटिमीटर बाजूची चौकोनी तुकडी म्हणजे १. पट्टी २ सेंटिमीटर रुंद आणि ११ सेंटिमीटर ३ मिलिमीटर लांब, ती क्ष. मोठा चौरस ११ सेंटिमीटर ३ मिलिमीटर बाजूचा, तो क्ष². लांबी अशी विचित्र मुद्दाम ठेवायची. १० सेंटिमीटर ठेवली तर मूल तुकड्या लावून बघतं, पट्टीत बरोबर पाच बसतात, आणि क्ष म्हणजे ५ असं धरून चालतं. वीस तुकड्या, पंधरा पट्ट्या, नऊ मोठे चौरस पुरतात. सगळ्यांची एक बाजू गेरूने रंगवावी, ती उणे बाजू. आता −(३क्ष − २) म्हणजे तीन कोऱ्या पट्ट्या आणि दोन गेरूच्या तुकड्या मांडून सगळ्या उलटायच्या. फक्त पट्ट्या उलटून तुकड्या तशाच ठेवल्या तर डोळ्यालाच खटकतं.

पट्टी आणि चौरस हातात आले की क्ष आणि क्ष² एकत्र का होत नाहीत हे बोलावंच लागत नाही. घातांकाच्या चुका याच साधनाने सुटतात. ३क्ष² म्हणजे तीन मोठे चौरस. (३क्ष)² म्हणजे बाजू ३क्ष असलेला चौरस, त्यात तीन ओळींत तीन-तीन असे नऊ बसतात: ९क्ष². क्ष = ५ ला पहिल्याची किंमत ७५, दुसऱ्याची २२५. रोज पाठ सुरू करताना एक जोडी तोंडी विचारावी: क्ष + क्ष किती, क्ष × क्ष किती? महिनाभर रोज, उत्तर येत असलं तरी.

आणि (क्ष + ३)² = क्ष² + ९ ही चूक. पन्नास मीटर बाजूचं चौरस वावर घ्या आणि दोन लगतचे धुरे (बांध) तीन-तीन मीटर बाहेर सरकले असं धरा. नवीन वावर ५३ × ५३ = २८०९ चौरस मीटर. मुलाच्या सूत्राने २५०० + ९ = २५०९. तीनशे चौरस मीटर जमीन गेली कुठे? दोन धुऱ्यांलगतच्या दोन लांब पट्ट्या, प्रत्येकी ३ × ५०. नऊ हा फक्त कोपरा. म्हणून क्ष² + ६क्ष + ९. धुऱ्यावरून भांडणं बघितलेल्या मुलाला या पट्ट्या विसरता येत नाहीत.

अपूर्णांकांत दोनच ठिकाणी सावध राहावं. (६क्ष + ४) ÷ २ करताना फक्त ६क्षला भागून ३क्ष + ४ लिहिलं जातं. दोघा भावांत वाटणी करताना सगळ्याच मालाची होते, म्हणून ३क्ष + २. दुसरं, समीकरणं शिकून झाल्यावर क्ष/२ + क्ष/३ ला मूल सहाने गुणून ५क्ष करून टाकतं. समीकरणाला दोन बाजू असतात, दोन्ही गुणल्या की तोल राहतो. राशीला दुसरी बाजूच नाही. सहाने गुणली की ती सहापट झाली. उत्तर ५क्ष/६.

रोजचा वेळ पंचवीस मिनिटं पुरे, उन्हाळ्यात सकाळी ऊन तापायच्या आत, छपरीत. चाळीस गणितांपेक्षा आठ बरी: तीन आजच्या धड्याची, तीन मागच्या आठवड्यांतली मिसळून, एक मुद्दाम चूक करून सोडवलेलं, त्यातली चुकीची ओळ मुलाने शोधायची. आठवं गणित मुलाने पालकासाठी तयार करायचं. त्याला ४क्ष − ७ द्यावं आणि सांगावं, हे असं लपव की मला ओळखू येऊ नये. ते लिहितं: २(३क्ष − १) − (२क्ष + ५). उघडा, येतं ६क्ष − २ − २क्ष − ५, म्हणजे ४क्ष − ७. राशी एकच आणि तिची रूपं कितीही, हे गणितं सोडवण्यापेक्षा तयार करताना जास्त कळतं. मला विचाराल तर आठांपैकी सात दिवसाआड सोडली तरी चालतील, हे आठवं सोडू नये. बरोबरीची चिन्हं एकाखाली एक लिहायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी, नाहीतर ५ + ३ = ८ × २ = १६ अशी साखळी तयार होते, ज्यात पहिली बरोबरी खोटी असते.

गणितं कुठून आणायची हा प्रश्न फार नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी द्यायची तर वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलाजवळ या एका प्रकरणासाठी दोन महिने काढायला हरकत नाही. शाळेत ते दोन-तीन आठवड्यांत उरकतं. घरी शिकण्याचा खरा फायदा असेल तर तो इथेच आहे.

मूल तयार झालं का हे बघायला एक राशी ठेवावी:

४(२क्ष − ३) − २(क्ष² − ५क्ष + १) + क्ष(क्ष − ६)

कंस सोडवले की ८क्ष − १२ − २क्ष² + १०क्ष − २ + क्ष² − ६क्ष. सरूप पदं गोळा केली की −क्ष² + १२क्ष − १४. बहुधा दुसऱ्या कंसात घोळ होतो, −५क्षचं +१०क्ष होण्याऐवजी −१०क्ष राहतं. आता क्ष² आहे, म्हणून पडताळा तीन संख्यांनी. ३ ठेवून दोन्हीकडे १३. ४ ठेवून १८. १० ठेवून ६. मुलाचं सरळ रूप बरोबर असूनही पडताळा जुळत नसेल, तर −क्ष² कडे बघावं. क्ष = ४ असताना त्याने तिथे बहुतेक १६ घेतलेले असतात. वर्ग फक्त चाराचा आहे, उणे त्याच्या बाहेर उभं आहे, म्हणून −१६. (−४)² असतं तर १६. हे ध्यानात आलं की ते खाली मान घालून तिन्ही किमती पुन्हा काढू लागतं, आणि त्या वेळी जवळ बसून काही बोलू नये.